गल्लीतली तान्ही लेकरं

हसणार असाल तर मी सांगतच नाही. मागच्या वेळी आमच्या साडूंनी चहाचा घोट नाकातून काढला आणि माझा धुतलेला सदरा गेला. हा किस्सा हसण्यासारखा नाहीच. इतकी वर्षं झाली, मला अजून राग येतो. कुणाचा, ते ऐकल्यावर तुम्हीच ठरवा.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा नवा म्हणजे कचेऱ्या नव्या, आणि नव्या कचेऱ्यांतल्या खुर्च्यांवर बसवायला जुनी माणसं लागतात. मी नांदेडला सुखात होतो. गोदावरी हाकेच्या अंतरावर, नळाला पाणी, संध्याकाळी घाटावर चक्कर. तिथून मला उचललं आणि लातूरला आणून टाकलं. सुमनची, म्हणजे बायकोची, बदलीही तिथल्याच शाळेत झाली. आणि आम्ही ट्रकमधून सामान उतरवलं त्याच वर्षी पावसानं अशी पाठ फिरवली की विहिरींचे तळ दिसायला लागले. पाट्या नव्या, रंग नवा, साहेब नवे, आणि प्यायला थेंब नाही. माणूस चिडेल नाही तर काय करेल?

त्यात घरात रेवती. आमची पोरगी. नुकती बसायला लागलेली. सुमनची रजा संपत आली होती आणि माझी आई गुडघ्यांपायी नांदेड सोडायला तयार नव्हती. म्हणजे लेकरू सांभाळायला बाई बघणं आलं.

तुम्हाला वाटेल, मुलाखत मी घेतली असेन. छे. पहिली बाई आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "पानी किती येतंय तुमच्याकडं?" मी म्हटलं, तुम्हाला लेकरू सांभाळायचंय की शेती करायचीय? ती गेली. दुसरीनं तर विचारलंही नाही. सरळ आत येऊन रांजणाचं झाकण उचललं, आत वाकून बघितलं आणि चप्पल घालून चालती झाली. मी हा अपमान गिळला. म्हणजे गिळला नाही, तिच्या पाठीमागून बरंच बोललो.

मग आली गयाबाई. शिरूर अनंतपाळकडची. गावात काम नाही, पाणी नाही, म्हणून लेकीकडे लातूरला आलेली. पन्नाशीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं पाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. रेवतीला उचलून कडेवर घेतलं, दोनदा खालीवर केलं.

"हलकी हाय," ती म्हणाली. "पोरगी कुणाकडंबी जाती का, साहेब? का रडती?"

"कुणाकडेही जाते," मी अभिमानानं सांगितलं. तेव्हा एक गोष्ट मात्र सांगितली नाही. पोरगी सगळ्यांकडे जायची, फक्त माझ्याकडे नाही. मी घेतलं की भोकाड. सुमनचं म्हणणं, तुमचा आवाजच तसा आहे, तुम्ही 'गुणाची माझी बाय' म्हणता तेही रागावल्यासारखं वाटतं.

"मग बेस झालं," गयाबाई म्हणाली, आणि कामाला लागली. मी सुमनला म्हटलं, बघ, याला म्हणतात पारख.

आता टँकरचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गल्लीत दुपारी टँकर यायचा आणि त्याच्यामागून भांडण यायचं. एका रविवारी मी स्वतः बघितलं. सुमन लेकराला घेऊन उन्हात उभी, आणि पुढे बायकांच्या घागरी एकमेकींच्या डोक्यात बसतायत. माझं टाळकं सटकलं. संध्याकाळी पिंपळाखाली गल्लीची मीटिंग घेतली. कचेरीतला माणूस म्हणून लोकांनी मला पाणी कमिटीचा सेक्रेटरी केलं होतं. मी उभा राहून नियम केला: ज्या बाईच्या कडेवर तान्हं लेकरू, तिचा नंबर पहिला. बायकांनी लगेच माना डोलावल्या. मला वाटलं, काय शहाणी गल्ली आहे.

आणि खरंच भांडणं थांबली. आमच्या घरात तर चमत्कार झाला. संध्याकाळी यावं तर रांजण काठोकाठ. मी याचं श्रेय कुणाला दिलं असेल? मलाच. कारण आंघोळ एका तांब्यात आणि दाढी एका पेल्यात, असं माझं नियोजन होतं. कचेरीत मी या विषयावर तासभर बोलू शकत होतो. बोलायचोही. लोक मला बघून फाइलीत तोंड घालायचे, तेही त्याच्याच कौतुकानं असणार असं वाटायचं.

एक दिवस टँकरचा डायव्हर लतीफभाई रस्त्यात भेटला. भला माणूस, पण त्या दिवशी वैतागलेला.

"सेक्रेटरीसाब, तुमच्या गल्लीत तान्हे बच्चे लई झाले ना. जिला बघावं तिच्या काखेत एक. ज्यांच्याकडं न्हाई, त्यांचा नंबर येईपर्यंत टँकर खाली."

झालं. माझी तळपायाची आग मस्तकात. दुष्काळ पडलाय, माणसं गाव सोडून चाललीत, आणि आमच्या गल्लीत पाळणे हलतायत? त्याच रविवारी पुन्हा मीटिंग. मी कुटुंबनियोजनावर असं बोललो की पिंपळाची पानं हलली असतील. म्हटलं, पाणी मोजकं आणि लेकरं बेहिशेबी, हे चालायचं नाही. समोर बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. मी समजलो, विषयच तसा आहे, लाजतात बिचाऱ्या.

आमच्या समोरच्या घरातल्या पारूआक्का म्हणाल्या, "खरं हाय, साहेब. लई लेकरं झाली. आन् समदी एकाच तोंडवळ्याची दिसत्यात, बगा."

"तेच तर म्हणतोय मी," मी ओरडलो. "बेजबाबदार बाप. असल्या बापाला चौकात उभा केला पाहिजे."

"करू की," पारूआक्का म्हणाल्या. गयाबाई मागे रेवतीला घेऊन बसली होती. ती पोरीच्या झबल्याची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिली.

इथून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. म्हणजे झालं असं की रेवतीच्या अंगावर मला रोज नव्या खुणा दिसायला लागल्या. सकाळी सुमन गालावर एक तीट लावायची. संध्याकाळी कपाळावर एक, हनुवटीवर एक, तळपायाला एक. एकदा मनगटात काळा दोरा. एकदा हिरवी बांगडी. एकदा तोंडाला गुळाचा वास. टाळूला तर रोज वेगळं तेल. आणि पोरगी उन्हानं रापलेली.

माझी मोठी वहिनी मुंबईला असते. बारशाला आली होती तेव्हा तिनं सांगितलं होतं, आमच्याकडे मोठ्या शहरात लेकरं सांभाळणाऱ्या बाया काय करतात माहिताय? आई-बाप कामावर गेले की लेकरू भिकाऱ्यांना भाड्यानं देतात. तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येईना. लातूर जिल्हा झालं होतं. जिल्हा झालं म्हणजे मोठं शहर झालं, आणि मोठ्या शहराच्या भानगडी काय पाटीची वाट बघत थांबतात?

मी गयाबाईला धरलं. "दिवसभर कुठं नेतेस पोरीला?"

"कुठं न्यायलाव, साहेब? हितंच, दाराम्होरं."

"मग एवढी काळी कशी झाली?"

"बापावर गेली."

सुमन पदराआड खोकली. रात्री म्हणाली, "अहो, लेकरू खुशीत आहे, अंगानं भरलंय. उगीच डोक्यात राख घालून घेऊ नका." पण मला झोप कसली लागते. डोळे मिटले की माझी पोरगी कुणाच्या तरी झोळीत, आणि समोर कटोरा. राग येत होता, त्याहून भीती वाटत होती. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी सायकल मारत घरी. दाराला कडी. गयाबाई नाही, रेवती नाही. मी सायकल वळवली ती थेट एसटी स्टँडवर. भिकारी तिथेच असतात ना. औशाच्या गाडीला गर्दी होती. मी एकेका बाईच्या मांडीवर वाकून बघायला लागलो. दोघींनी पदर सावरला, तिसरीच्या नवऱ्यानं बाही सावरली. कंडक्टर म्हणाला, "मालक, कुठं जायचंय?" तसाच परत फिरलो. चेन पडली, ती बसवताना हात काळे, तेच घामेजल्या तोंडाला लागले.

आणि आमच्या गल्लीच्या मागच्या आळीत शिरतो तर काय, समोर टँकर. नळापाशी पहिल्या नंबरवर एक ठेंगणी बाई, हिरवं लुगडं, जन्मात न पाहिलेली. तिच्या कडेवर माझी रेवती.

मी सायकल तशीच टाकली आणि झेप घेतली. "सोड माझी पोरगी."

रेवतीनं माझ्याकडं बघितलं. काळं तोंड, लाल डोळे, तो आवाज. तिनं जो टाहो फोडला तो लातूरच्या किल्लारीकडच्या टोकापर्यंत गेला असेल, आणि त्या बाईच्या गळ्याला गच्च मिठी मारली. मी ओढतोय, पोरगी सुटत नाही. मागून कुणीतरी माझ्या सदऱ्याची कॉलर धरली.

"ए बाबा, लाज हाय का? बाप्या माणूस आन् लेकरू हिसकून नंबर लावतोय?"

"नंबर कसला? मी बाप आहे तिचा."

"बाप?" हिरव्या लुगड्यानं मला वरून खाली बघितलं. "बाप असता तर पोरगी अशी बोंबलली असती व्हय? आमच्या समद्यांकडं गुमान येती."

"पोरं पळवणारा हाय, धरा त्याला," मागची एक म्हणाली. कॉलर फाटली. घागर कमरेत बसली. मी ओरडत होतो, सेक्रेटरी आहे मी, पाणी कमिटीचा सेक्रेटरी आहे. पण ती आळी माझी नव्हती. त्यांनी फक्त माझा नियम उचलला होता, मला कशाला ओळखतील?

तेवढ्यात टँकरवरून लतीफभाईनं उडी मारली. "अरे छोडो, छोडो, सेक्रेटरीसाब हैं." आणि समोरून रिकामी घागर घेऊन गयाबाई आली. भरलेली घागर आमच्याच रांजणात ओतून.

"गयाबाई," हिरवं लुगडं म्हणालं, "ह्यो बाप हाय का हिचा?"

गयाबाईनं माझ्याकडं नीट बघितलं. उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला असं माझं आजही म्हणणं आहे.

"हाय," ती म्हणाली. "पर पोरगी वळखत न्हाई त्यानला. त्याला मी काय करू?"

मग उलगडा झाला. पोरगी हलकी, कुणाकडेही जाणारी. एकीचा नंबर लागला की रेवती दुसरीच्या कडेवर, तिथून तिसरीच्या. बदल्यात आमची घागर सगळ्यांत आधी. आमची गल्ली संपली की मागची आळी. जिच्या कडेवर गेली तिनं माया केली. कुणी तीट लावली, कुणी दोरा बांधला, कुणी गूळ चाटवला. ज्या घरांत पाण्यावरून बोलणं बंद होतं, ती माझ्या पोरीला एकमेकींच्या हातात देत होती.

लतीफभाईनं कपाळावर हात मारला. "म्हणजे एवढे सगळे बच्चे... एकच? आणि ते तुमचं?"

गलका ऐकून आमच्या गल्लीतून पारूआक्काही आल्या होत्या. त्यांनी आजूबाजूला बघितलं, मी कुठं उभा आहे ते बघितलं. फाटका सदरा, काळं तोंड, मागच्या आळीचा भर चौक.

"उभा केला बगा, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनला व्हता तसाच."

माणसानं तिथं हसून विषय मिटवावा. मी काय केलं? गयाबाईला जागच्या जागी कामावरून काढलं. तिनं रेवतीला माझ्या हातात दिलं आणि ती गेली. घरापर्यंत पोरगी माझ्या कानात रडत होती. सुमननं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "उद्या मला शाळेत तपासणी आहे. लेकरू आणि पाणी, दोन्ही तुमच्या नियोजनात बसवा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून रेवतीला कडेवर घेऊन टँकरपुढे पहिला जाऊन उभा राहिलो. पारूआक्कांनी घागरीनं मला बाजूला सारलं.

"नियम बाईच्या कडंवरच्या लेकराचा हाय, साहेब. बाप्याचा न्हाई."

नियम कुणी केला होता, हे त्यांनी विचारलं नाही. मी मुकाट शेवटाला गेलो. रेवतीनं सूर लावला तो थांबेना. ओळीतली एक बाई वैतागून मागे आली, "आना हिकडं ती पोरगी," म्हणून तिला घेतलं. पोरगी गप्प. लगेच हसायलाही लागली. आणि ती बाई माझी पोरगी कडेवर घेऊन, माझ्या डोळ्यांदेखत, पहिल्या नंबरला जाऊन उभी राहिली. तिच्यानंतर दुसरी, तिच्यानंतर तिसरी. माझा नंबर आला तेव्हा लतीफभाई पाइप गुंडाळत होता.

संध्याकाळी कोरडा रांजण बघून सुमन सरळ गयाबाईच्या लेकीकडे गेली. तासाभरानं परत आली.

"येते म्हणाली. पण तिची एक अट आहे."

"पगार वाढवून हवा असेल," मी चिडून म्हटलं.

"पगाराचं काही बोलली नाही. म्हणाली, साहेबाला सांगा, आता मीटिंग घ्यायची न्हाई."