बर्फातून आलेल्याचं पान

रोज सकाळी चहाच्या गंजावर, त्या गरम पातेल्यावर, दोन्ही तळवे शेकायचे आणि उजव्या बरगडीखाली टेकवायचे, हा शोभाबाईंचा नेम. "ऊब लागली का रे?" असं विचारून मगच त्या कपात चहा ओतत. हिंगणघाटात किराणा दुकान चालवणारे त्यांचे यजमान प्रभाकरराव खाटेवरून हे पाहत, आणि त्यांना हैदराबादच्या इस्पितळातली ती संध्याकाळ आठवे.

२००३ साल होतं. शोभाबाईंचं यकृत निकामी झालेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. मरण पावलेल्या एका अनोळखी माणसाचं यकृत दुसऱ्या शहरातून यायचं होतं. वाटेत खोळंबा झाला. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "यकृत बर्फात फार वेळ राहिलंय. बसवल्यावर उशिरा जागं होईल, कदाचित होणारही नाही. पुढेमागे पित्ताच्या नळ्या अरुंद होऊ शकतात. तुम्ही नको म्हणू शकता."

"थांबू अजून," प्रभाकरराव म्हणाले. "ताजं भेटन एखादं."

"मी काय बजारात वांगे निवडून राह्यली का?" शोभाबाईंनी त्यांना तोडलं. "तो बिचारा इतका वेळ थंडीत राह्यला, अन् त्याले दारातून परत पाठवू? लावा म्हणा!"

ते खरंच उशिरा जागं झालं. पिवळेपणा हटेना, डॉक्टर कमी बोलू लागले. प्रभाकरराव सारखे तिचे डोळे न्याहाळत. "असे काय पाहता जी? आहो मी अजून." मग एका सकाळी त्या डोळ्यांत पांढरं दिसलं.

पुढच्या अक्षय तृतीयेला पितरांची पानं वाढताना शोभाबाईंनी एक पत्रावळ जास्तीची मांडली. थोरले दीर बाबाराव भडकले.

"हे कोनाचं?"

"ज्याचं लिवर आहे त्याचं."

"ना नाव, ना गोत्र! आपल्या पितरांच्या पंगतीत परका? अन् तेही बासी लिवर!"

भासऱ्यासमोर, म्हणजे या थोरल्या दिरासमोर, शोभाबाईंनी आजवर मान वर केली नव्हती. आता त्यांनी पदर मागे सारला. "भाऊजी, त्याच्या जोरावर मी उभी आहो. त्याले उठवाचं असन तं पह्यले मले घराबाहेर काढा."

थोरल्या भावापुढे जन्मभर गप्प बसलेले प्रभाकरराव उठले. त्यांनी त्या पानाशी पन्ह्याचा पेला ठेवला आणि वैशाखाचं ऊन म्हणून त्यातही बर्फ टाकला. शोभाबाईंनी बोटांनी तो खडा उचलून अंगणात भिरकावला. "याले नाई. यानं लय भोगला."

बाबाराव न जेवता गेले. पान मात्र दरवर्षी पडत राहिलं.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. पित्ताच्या नळ्या आवळत गेल्या, ताप येऊ लागला. शोभाबाई हैदराबादला जात, त्या उघड्या राहाव्यात म्हणून आत बारीक नळी घालून घेत, परत येऊन गंजावर तळवे शेकत. "तू का मी, कोन पह्यले थकते ते पाहू," म्हणत.

२००९ची अक्षय तृतीया आली तेव्हा त्या इस्पितळातच होत्या. आदल्या दिवशी त्यांनी प्रभाकररावांना हट्टानं घरी पाठवलं. "पान पडलं पाह्यजे. बाबाराव भाऊजी वाटच पाहून राह्यले असतीन, का यंदा सुटलं म्हणून."

पिशवी घेऊन ते दारापर्यंत गेले, तेव्हा मागून हाक आली. त्यानंतर तिचा आवाज त्यांनी कधी ऐकला नाही.

"अवो, त्याच्या पन्ह्यात बर्फ नका टाकजा."