बद्द वाजलेली पुली

हे आजवर माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही ठाऊक नाही — आणि तिला वाटतं, माझं काहीच तिच्यापासून लपत नाही.

कुरुंद्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार आणा, जुनी तार काढून नवी भरून देतो. हात चांगला आहे माझा. त्याचा गर्वही होता — खोटं कशाला बोलू?

गावातच किसनची हळद-मिरची दळायची गिरणी. तो आणि त्याची बायको गयाबाई मिळून चालवायचे. ऐन हंगामात मोटार जळाली. दुकानात किसन म्हणाला, "भाऊ, भरूनच राहिले, तर जरा जोरात पळंल अशी भरा की."

दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता. मी म्हणालो, दुप्पट पळवतो. तार भरायची रीत बदलली की मिनिटाला चौदाशे फेऱ्यांची मोटार अठ्ठावीसशे फेरे घेते. मला ते जमत होतं — मग दाखवायला नको?

पण मोटारीच्या दांड्यावर पुली असते, पट्टा ओढणारं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं चाक. फेरे वाढवायचे तर आधी पुली वाजवून बघ, असं उस्तादांनी शिकवलेलं. धड असेल तर खणखणते. मी पान्यानं टोला दिला. बद्द वाजली. आत कुठेतरी चीर होती. नवी आणायला नांदेडला जावं लागलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत चालू करून देतो असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. इतकी वर्षं चालली, अजून एक हंगाम चालेल — असं मनाशी म्हणालो आणि वरून रंग मारला.

थोड्याच दिवसांत पुली फुटली. तुकडा गयाबाईच्या डाव्या डोळ्यात गेला.

धावत गेलो तेव्हा ती जमिनीवर बसलेली, हळदीनं पिवळा झालेला पदर तोंडाला लावून, आणि तो पदर लाल होत चाललेला. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "किसन, पट्टा एवढा काहून ताणला रे?"

हे मी म्हणालो. इतक्या पटकन सुचलं कसं मला? अजून विश्वास बसत नाही.

आणि एवढ्यावर थांबलो का? माणसं तिला उचलून जीपमध्ये ठेवत होती, आणि मी — मी खाली वाकून पुलीचे तुकडे गोळा करत होतो. तुटलेल्या कडेला अर्ध्या भागात गंज होता, अर्धा भाग ताजा चकचकीत. चीर जुनी आहे, हे बिडाशी काम करणाऱ्या कुणालाही कळलं असतं. तुकडे पिशवीत घातले आणि दुकानातल्या भंगाराबरोबर देऊन टाकले. मोटार पुन्हा जुन्या चालीवर भरून दिली, मजुरी घेतली नाही. माझं मन मोठं आहे, असं गाव म्हणालं.

दर दसऱ्याला मोटारीच्या पूजेला किसन मला बोलावतो. यंदा पाहिलं, पट्टा गयाबाईच चढवत होती. किसन उंबऱ्याबाहेर उभा. तू का लावत नाहीस, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"न्हाई भाऊ. तिचा डोळा माझ्या हातानं गेला. तुमची मोटार बराबर होती."

गयाबाईनं मान पूर्ण वळवली, उजव्या डोळ्यानं मला बघता यावं म्हणून. "रोज हेच म्हणून राहिले हे," ती म्हणाली. "मुद्दाम केलं का त्यांनी? तुमी तरी समजावून सांगा."

मी तिनं हातावर ठेवलेलं खोबरं चावलं, गिळलं आणि घरी आलो.

पुली फुटली त्या सकाळी मी गिरणीवरून गेलो होतो. मोटार सुरू व्हायची होती, तेव्हा पट्टा बोटानं दाबून बघितला होता. किसननं तो बराबर ताणला होता.