मागचा टायर

रबरातलं मला कळतं, असं आमच्या घरात सगळे धरून चालत. मी भिलाईच्या प्लांटमध्ये स्टोअर्सला आहे. कन्व्हेयरचे पट्टे, होज पाइप, गॅस्केट, असला माल वर्षानुवर्षं माझ्या हाताखालून गेला. म्हणून धाकट्या भावानं उन्हाळ्यातल्या एका रविवारी सेक्टर दोनमधल्या माझ्या क्वार्टरच्या पायरीवर बसून मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘‘दादा, यातला कोणता घेऊ सांग. रबराचं तुले समजते.’’

मोबाइलवर दोन टायरांचे फोटो होते. भाऊ नेहरू नगरात कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. चाळिशी ओलांडल्यावर त्यानं एक मोठी मोटरसायकल घेतली होती, स्पोर्ट-टूरिंगची. दिवसभर हायवेवर सरळ पळावं आणि घाट लागला की वळणावर झुकावं, अशी दोन्ही कामांची गाडी. मागचा टायर मधोमध घासून सपाट झाला होता, कारण आमच्याकडचे रस्ते सरळ. रायपूर, राजनांदगाव, नागपूर, कुठेही जा, गाडी सरळच चालते.

त्यानं मला समजावून सांगितलं. एक टायर सगळीकडून कडक रबराचा, खूप चालणारा. दुसरा मध्ये कडक आणि कडांना मऊ. वळणावर गाडी झुकली की मऊ कडा रस्त्याला धरते, ओल्या रस्त्यावरही. पण तो लवकर झिजतो.

मी फार विचार केला नाही. स्टोअर्सच्या माणसाला एकच सवय असते, माल किती दिवस टिकेल ते पाहायचं.

‘‘कडकच घेजो,’’ मी म्हटलं. ‘‘तू काय रेस लावून राहिला काय? घरच्या माणसानं टिकाऊ वस्तू घ्यावी.’’

तो थोडा वेळ फोटोकडे पाहत राहिला. मग हसला. ‘‘बरं दादा.’’

चहा झाला, तो गेला. एवढंच झालं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात तो जगदलपूरला जायला निघाला, एकटाच. दोन दिवस पाऊस चालू होता. केशकालच्या घाटात एका वळणावर गाडी घसरली. मी पोचलो तेव्हा तो कोंडागावच्या दवाखान्यात होता, पांढऱ्या चादरीखाली. कागदांवर सह्या करताना मी तिथल्या हवालदाराला विचारलं की नक्की काय झालं. तो दमलेला होता, चांगला माणूस होता, त्यानं मला खुर्ची दिली.

‘‘गाड़ी का टायर फिसल गया,’’ तो म्हणाला. ‘‘और क्या. गीली सड़क थी.’’

दुसरं कोणतंही वाहन नव्हतं. कुणाची चूक नव्हती. टायर घसरला. हे वाक्य मी कोंडागावहून घरी घेऊन आलो आणि कुणालाही सांगितलं नाही.

गाडी आठवड्यानं छोट्या ट्रकमधून आली. उजवी बाजू सगळी खरचटलेली. भावाच्या घराच्या पोर्चमध्ये ती उतरवली तेव्हा मी तोंड फिरवून उभा होतो. मीच बाजारातून राखाडी कव्हर आणून दिलं होतं, पण ते घालायचं काम शेजाऱ्यानं केलं. त्यानंतर मी त्या घरी दर आठवड्याला जात होतो, त्याच्या बायकोची, तिला मी वहिनीच म्हणतो, विचारपूस करायला, कधी भाजी, कधी बँकेचे कागद घेऊन. बैठकीत पोर्चकडे पाठ येईल अशी एक खुर्ची होती. मी तिच्यातच बसायचो.

मला टायर दिसू लागले. ही गोष्ट कुणाला सांगितली असती तर हसले असते, म्हणून सांगितली नाही. चौकात सिग्नलला थांबलो की माझी नजर शेजारच्या गाडीच्या मागच्या चाकावर जायची. नक्षी किती उरली, मधला भाग सपाट झाला का. प्लांटच्या सायकल स्टँडवर, पावर हाउसच्या बाजारात, डॉक्टरकडच्या पार्किंगमध्ये. एकदा एका अनोळखी मुलीला मी थांबवून म्हटलं की बेटा, मागचा टायर बदल, धागा दिसतो आहे. ती घाबरून निघून गेली. तिच्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो.

पाऊस पडला की जास्त व्हायचं. ओल्या डांबरावरून चाक जातं तेव्हा चादर फाडल्यासारखा आवाज येतो. भावाचं घर हायवेला लागून, तिथे बसलं की तो आवाज एकामागून एक येत राहायचा. वहिनी समोर बोलत असायची आणि मी मोजत असायचो, कोणता आवाज वळतो आहे, कोणता सरळ जातो आहे. कधी वाटायचं, आत्ता एक आवाज फाटकाशी येऊन थांबेल. थांबला नाही कधी. पण मी वाट पाहायचो हे खरं.

असे चार पावसाळे गेले. मग फेब्रुवारीत पुतणीचा फोन आला. ती रायपूरला नोकरी करते, इंजिनियर आहे, बापासारखीच उंच आणि बापासारखीच कमी बोलणारी.

‘‘मोठेबाबा, मी बाबांची गाडी काढली,’’ ती म्हणाली. ‘‘दोन-तीन संडे मेकॅनिकला घेऊन बसले. बॅटरी, ऑइल, ब्रेक, सब हो गया. चालू झाली. फक्त टायर राहिले. ते तुम्हीच सांगा कोणते घ्यायचे. बाबा पण तुम्हालाच विचारायचे ना?’’

मी म्हटलं की मला बरं नाही. तिनं विचारलं काय होतं. मी म्हटलं, असंच.

‘‘मग रविवारी या,’’ ती म्हणाली. ‘‘चहा प्यायला तर याल?’’

रविवारी सकाळी मी गेलो. फाटक उघडलं आणि समोर गाडी उभी होती, कव्हराशिवाय. चार वर्षांत पहिल्यांदा पाहिली. उजव्या बाजूचे ओरखडे तिनं तसेच ठेवले होते, फक्त पुसून घेतले होते. पुतणी मागच्या चाकाशी उकिडवी बसून टायरच्या बाजूवरची धूळ फडक्यानं काढत होती. वहिनी दारात उभी होती.

‘‘या मोठेबाबा. हे पाहा, क्रॅक गेले आहेत. उभ्या गाडीचं रबर वाळून जाते म्हणे. पण नक्षी तर नवीच आहे. फेकावंसं वाटत नाही.’’ मग ती अक्षरं वाचत म्हणाली, ‘‘हेच मॉडेल आता नवीन व्हर्जनमध्ये येते. दुकानवाला म्हणाला, मध्ये हार्ड, साइडला सॉफ्ट.’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘हा कडकवाला आहे.’’

‘‘नाही मोठेबाबा, सॉफ्टवालाच. लिहिलं आहे ना इथे.’’

मी चष्मा लावला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. मी सांगितलेल्या टायरचं नाव मला पाठ होतं, एखाद्या दुखण्याचं नाव पाठ असतं तसं. हे ते नाव नव्हतं. मी बोटानं अक्षरं चाचपली. तारखेचे चार आकडे शोधले, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्या उन्हाळ्यातलेच होते. पुढच्या चाकाकडे गेलो. तिथेही तोच टायर. कडांना नव्या रबराचे बारीक केस अजून शिल्लक होते.

‘‘त्यानं कडक घेतला होता,’’ मी म्हटलं. ‘‘मीच सांगितलं होतं त्याले.’’

वहिनी पायरी उतरून खाली आली. ‘‘तुम्ही सांगितलं होतं, पण त्याईनं घेतला नाही,’’ ती म्हणाली. ‘‘रात्रभर वहीत काय-काय आकडे मांडले आणि सकाळी दुसराच मागवला. मले म्हणाले, दादाले नको सांगू, त्याले वाईट वाटन. एवढ्या वर्षांत मी विसरून गेली ती गोष्ट.’’

पुतणी माझ्याकडे पाहत होती. मग तिथेच जमिनीवर बसून मी त्या दोघींना सगळं सांगितलं. पायरीवरचा तो रविवार, हवालदाराचं वाक्य, सिग्नलवरची चाकं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

वहिनी माझ्यासमोर बसली. ‘‘म्हून तुम्ही त्या खुर्चीत बसत होते काय?’’ तिनं विचारलं. ‘‘मले वाटे, तुमाले माह्या घरात करमत नाही. म्हटलं, भाऊ गेल्यावर कोणाले करमते. कावून नाही बोलले दादा?’’

मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि उठलो.

तुम्हाला वाटेल, माझ्या छातीवरचा दगड उतरला असेल. मलाही तसंच वाटायला हवं होतं. घरी आलो, आंघोळ केली, जेवलो, आणि दुपारी पडल्या-पडल्या लक्षात आलं की झालं ते उलटंच. चार वर्षं मी त्या वळणावर त्याच्यासोबत होतो. माझ्या एका शब्दानं का होईना, मी तिथे होतो. आता कळलं की त्यानं माझं ऐकलंच नव्हतं. त्यानं स्वतः हिशेब मांडून योग्य टायर घेतला, नवा, घट्ट धरणारा, आणि तरीही गाडी घसरली. म्हणजे तो तिथे एकटाच होता. दोष द्यायला कुणीच नाही, मीसुद्धा नाही. आणि त्याचं ते हसून ‘बरं दादा’ म्हणणं, ते तर खोटं होतं. मला सांभाळून घ्यायला बोललेलं खोटं. लहानपणी शाळेत मार खाल्ला तरी तो घरी येऊन मला असाच ‘काही नाही दादा’ म्हणायचा.

पुढच्या रविवारी पुतणी मला घेऊन पावर हाउसच्या बाजारात टायरच्या दुकानात गेली. दुकानदार मूळचा आंध्राकडचा, जन्म भिलाईतला; एका वाक्यात तेलुगू, हिंदी आणि छत्तीसगढी तिन्ही आणतो. त्यानं तीन जोड काढून भिंतीशी उभे केले. एक लांब पल्ल्याचा कडक. एक भावानं घेतला होता त्याची नवी आवृत्ती. आणि एक आणखी मऊ, जवळजवळ शर्यतीचा. रबराचा तो दमट, कडसर वास सगळ्या दुकानात भरला होता. स्टोअर्समध्ये तो वास मला रोज येतो, पण त्या दिवशी मी एकदा बाहेर जाऊन आलो.

‘‘अंकलजी, आप बताइए,’’ दुकानदार म्हणाला.

पुतणीही माझ्याकडेच पाहत होती. मी अंगठ्याचं नख तिन्ही टायरांत रुतवून पाहिलं. मला काय वाटतं ते मला ठाऊक होतं, पण ते ओठांवर येईना. शेवटी मी तिला म्हटलं, ‘‘तू सांग. कुठं-कुठं नेणार आहे गाडी?’’

‘‘रोज रायपूर नाही नेणार. सुट्टीत. अमरकंटक, चिल्फी, बस्तर. पावसात पण.’’

‘‘एकटी?’’

‘‘कधी एकटी, कधी मैत्रिणी असतील.’’

‘‘मग निवड तू. मी तारीख पाहून देतो.’’

तिनं मधला निवडला, बापाचाच. मी खाली वाकून त्याचे चार आकडे वाचले. माल दीड वर्ष जुना होता. मी तो परत ठेवायला लावला. दुकानदारानं आतून दुसरा आणला, तोही जुनाच. ‘‘अंकलजी, इतना कोई नहीं देखता,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, मी पाहतो. आम्ही नवा माल येईपर्यंत दहा दिवस थांबलो. आला तेव्हा मी पुन्हा गेलो, आकडे वाचले, टायरवरच्या बाणाची दिशा पाहिली, चाक संतुलित होताना मशीनशेजारी उभा राहिलो, आणि हवा भरल्यावर माझ्या स्वतःच्या गेजनं पुन्हा मोजली. दुकानदारानं तिला बजावलं की नवं रबर गुळगुळीत असतं, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळू, गाडी झुकवायची नाही. तिनं मान हलवली. मी तेच तिला आणखी दोनदा सांगितलं.

जुन्या जोडीचं काय करायचं, असं त्यानं विचारलं. मी मागचा टायर घरी न्यायला म्हणून उचलून बाहेर उभ्या ऑटोपर्यंत नेला. मग ऑटोवाल्याला थांबवून तसाच परत आणून दुकानात ठेवला. का ते मला आजही सांगता येत नाही.

सप्टेंबर संपता-संपता ती बस्तरला निघाली, त्याच केशकालच्या घाटानं. मला म्हणाली, ‘‘मोठेबाबा, मागे बसता काय?’’ मी नाही म्हटलं. दिवसभर मोबाइल खिशात ठेवून स्टोअर्समध्ये बसलो. एक कन्व्हेयर पट्ट्याचा गुंडाळा उतरवून घ्यायचा होता, त्याच्या कागदावर सही केली, आकडे न पाहता. दुपारी तिचा फोन आला. मागे वारा आणि घाट चढणाऱ्या ट्रकच्या गिअरचा आवाज.

‘‘घाट चढून वर आले,’’ ती म्हणाली. ‘‘देवीच्या मंदिरापाशी थांबले आहे. माकडं खूप आहेत. मोठेबाबा, ते वळण कोणतं होतं?’’

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी रोज ज्या वळणावर जात होतो ते कोणतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. हवालदाराच्या कागदावर किलोमीटरचा आकडा होता, तोही आता आठवेना.

‘‘माहीत नाही बेटा,’’ मी म्हटलं.

‘‘मी प्रत्येक वळणावर पाहत आले. सगळी सारखीच आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘निघते आता.’’

‘‘रस्ता ओला आहे काय?’’

‘‘आहे.’’

संध्याकाळी जगदलपूरला पोचल्याचा तिचा मेसेज आला. तो वाचल्यावरही मी बराच वेळ बाहेर उभा होतो. भिलाईत पाऊस नव्हता, रस्ता कोरडा ठणठणीत होता. मला मात्र चादर फाटल्याचा तो आवाज ऐकू येत होता, एक येत होता, जात होता, आणि त्यामागून दुसरा.