टेक्सास विभागाकडे आलेला रजेचा अर्ज

तीस वर्षं मी फौजेत कारकुनी केली. बंदूक हातात घेतली ती वर्षातून एकदा, फायरिंगच्या दिवशी. बाकी सगळी लढाई कागदाशी. सुभेदार होऊन रिटायर झालो तेव्हा गावातल्या लोकांना वाटायचं, हा सीमेवरून आला. कसली सीमा न् कसलं काय! अर्ज आला, शेरा मारला, वर पाठवला. वरून आला, शेरा मारला, खाली पाठवला. एवढंच केलं, पण चोख केलं.

बायको गेल्या कार्तिकात गेली. पुढच्या उन्हाळ्यात मुलानं मला साताऱ्याहून इथं टेक्सासात, प्लेनोला आणलं. घर केवढं! सकाळी मुलगा आणि सून दोन गाड्यांतून ऑफिसला जातात, गॅरेजचं दार दोनदा घरघरतं, आणि मग संध्याकाळपर्यंत माणसाचा आवाज नाही. पाय मोकळे करायला निघावं तर फूटपाथ मधेच संपतो. खोटं कशाला सांगू, एकदा मी टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईला "बरं बरं" म्हणालो. मग स्वतःचाच इतका राग आला की टीव्ही बंद करून टाकला.

मला एकच गोष्ट हवी होती. बायकोच्या वर्षश्राद्धाला मला आमच्या घरी असायचं होतं. तिनं झाडलेल्या अंगणात, तिच्या चुलीपाशी नाही तरी तिच्या गॅसपाशी. आल्यावर पंधरा दिवसांनी मुलाला गाडीत सांगितलं, "कार्तिकात मला घरी जायचंय." तो म्हणाला, "बघू बाबा, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे." झालं. अर्ज वर गेला असं मी धरलं. एकदा वर गेलेल्या अर्जाची उठसूट आठवण करायची नसते, ही माझी तीस वर्षांची सवय. सरकारी काम आणि सहा महिने थांब. थांबलो.

मी घरात कुढतोय हे मुलाच्या लक्षात आलं असावं. तो मला आठवड्यातून दोन दिवस जवळच्या एका लहानशा संग्रहालयात सोडू लागला. जुनी लष्करी पत्रं वाचून कॉम्प्युटरवर उतरवायची, पगार नाही, कॉफी फुकट. एके काळी या देशातल्या गोऱ्या वस्तीची पश्चिम सीमा टेक्सासातूनच जात होती. माळावर लांब लांब ठाणी, ठाण्यावर मूठभर शिपाई, आणि सगळ्यांच्या डोक्यावर सॅन अँटोनिओत टेक्सास विभागाचं मुख्यालय. घोड्याचा नाल पाहिजे, विभागाला लिहा. शिपाई पळाला, विभागाला लिहा. ज्यांच्या जमिनीवर ही ठाणी बसवली ते इथले मूळ लोक मात्र कागदात यायचे ते फक्त 'हालचाली' या मथळ्याखाली. वाचून माझं डोकं फिरायचं. पण मी त्या खुर्चीत असतो तर वेगळं काय लिहिलं असतं? मथळा वरून ठरून येतो.

तिथली मुख्य बाई सत्तरीची, एकटीच राहणारी. कॉलेजची पोरं यायची, पण त्यांना अक्षराला अक्षर जोडून लिहिलेलं जुन्या वळणाचं इंग्रजी हस्ताक्षर वाचताच येत नव्हतं. मी घडाघडा वाचायचो. बाईनं विचारलं, हे कसं जमतं? मी म्हटलं, "मॅडम, हे माझ्याच टेबलावरचे कागद आहेत." ती हसली. त्या आठवड्यात माझ्याशी हसून बोललेलं ते एकच माणूस.

ऑक्टोबर संपता संपता तिनं एक कागद पुढे केला. तीन घड्या घातलेला. आत एका सार्जंटचा अर्ज होता: वडील आजारी आहेत, वीस दिवसांची रजा द्यावी. बाकी हकिगत घड्यांच्या बाहेरच्या बाजूला, शेऱ्यांत. कॅप्टनचा शेरा, शिफारस. ठाण्याच्या मेजरचा शेरा, पुढे पाठवला. विभागाचा शेरा, परत: याच्या जागी दुसरा सार्जंट आहे का ते लिहावं. ठाण्याचा शेरा, आहे. पुन्हा विभाग: रजेचा पत्ता लिहिलेला नाही, परत. वर-खाली, वर-खाली, अख्खा उन्हाळा गेला. सगळ्यात खाली वेगळ्या शाईत एक ओळ: अर्जदारास आता रजेची आवश्यकता नाही.

बाई म्हणाली, "म्हणजे त्यानं बेत बदलला?"

मी म्हटलं, "नाही हो. बाप मेला."

अशी ओळ मी स्वतःच्या हातानं किती वेळा लिहिली होती, देव जाणे. शाई वाळली की फाईल बंद करून चहा प्यायला जायचो. कोण मेलं, कुणाची वेळ टळली, कधी विचारलं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. वर्षश्राद्धाच्या तिथीला नऊ दिवस उरले होते.

दुपारी मुलगा घ्यायला आला. गाडी पार्किंगमधून हलायच्या आतच मी म्हटलं, "माझ्या जाण्याचं काय झालं? हो की नाही, सांगून टाक."

तो चपापला. "बाबा, तुम्ही परत काही बोललाच नाहीत. मला वाटलं, इथं रमलात."

"एकदा सांगितलं होतं ना? आणि तुला त्रास नको म्हणून मी गुरुजींनाही फोनवर सांगून ठेवलंय. विधीला मीच बसेन. तुला रजा कुठली मिळायला!"

त्यानं इंजिन बंद केलं.

"मला कुणी विचारलं?" तो म्हणाला. "आई गेली तेव्हा दीड दिवस प्रवास करून आलो मी. दारात तुम्ही मला पहिलं काय विचारलंत, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं.

"'सुट्टी किती आहे?' बस. मी म्हणालो, दहा दिवस. तुम्ही मान हलवलीत आणि आत गेलात. ती माझी आई होती, बाबा. तेव्हापासून त्या घराचं नाव निघालं की मी विषय टाळतो. म्हणूनच तुम्हाला 'बघू' म्हणालो."

परक्यांचे अर्ज मी निदान वाचून तरी परत पाठवायचो. पोटच्या पोराची रजा त्यानं मागायच्या आतच नामंजूर करून बसलो होतो, आणि वर समजत होतो की त्याची सोय बघतोय. मूर्ख म्हातारा! डोळ्यांना पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

"चुकलो रे," मी म्हटलं. "चल माझ्याबरोबर. त्या दाराचं कुलूप माझ्या एकट्याच्यानं उघडणार नाही."