अर्धा सूर वर

करवत हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण तोंड उघडलं की समोरचा कापला जायचा, म्हणून वाद्यांच्या दुकानातल्या मंडळींनी ते ठेवलं आणि ते त्याला शोभलंही. मागच्या खोलीत तो गिटारी दुरुस्त करायचा. तारा बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाने चुकून स्वतःचा आवडता बँड सांगितला, तर त्याची धडगत नसे.

"हार्ड रॉक आणि मेटलमध्ये ऐकण्यालायक अल्बम पाच," करवत म्हणायचा. "बाकीचे भांडी घासताना लावा."

हे पाच अल्बम त्याच्याकडे कॅसेटवर होते. पहिला अर्थातच काळ्या कव्हरचा, अर्धवट उघड्या लोखंडी दाराचा. तरुणपणी घरच्या टेपसमोर मांडी ठोकून, कॅसेट मागे-पुढे करत त्याने पाचही अल्बम बोटांत बसवले होते. गिटार तो कॅसेटशी जुळवायचा. 'या लोकांच्या तारा अर्धा सूर चढ्या असतात' हा त्याचा लाडका शोध. चढवलेल्या तारा सारख्या तुटायच्या, आणि तारा बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

करवतचा धाकटा भाऊ, बारक्या, दोघांच्या हौशी बँडमध्ये गायचा. मोकळा, भरदार गळा. पण पहिल्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात टिपेला जायची एक ओळ होती. तिथे मानेच्या शिरा फुगायच्या आणि आवाज फाटायचा.

"दादा, अर्धा सूर खाली घेऊ या ना रे."

"खाली? कॅसेटमध्ये माणूसच गातोय ना? तुझ्यात दमच नाही. जा, फरशा वीक!"

हे भर कार्यक्रमात, लोकांसमोर, हातातला माईक हिसकावून घेत. बारक्याने खरंच फरशांचं दुकान टाकलं. त्यानंतर त्याने साधं गुणगुणलंही नाही. एकाच घरात हा वर, तो खाली, बोलणं बंद. काही निरोप असला तर भावजय जिना चढायची, आणि तोंड वाकडं करून उतरायची.

एके दिवशी कोणीतरी जुन्या रेकॉर्डचा गठ्ठा दुकानात विकून गेलं. त्यात ते लोखंडी दाराचं कव्हर होतं.  करवतने रेकॉर्ड लावली आणि तोंड वाकडं केलं. गाणं सुस्त होतं, सूर उतरलेला.

"हा प्लेअर भंगारात घाला!" तो ओरडला.

मालकाने नवा प्लेअर आणून दिला. तेच. शेवटी त्याने शेजारच्या कीबोर्डची पट्टी दाबली. कीबोर्ड आणि रेकॉर्ड एकमेकांना तंतोतंत मिळाले. मिळत नव्हती ती फक्त त्याची गिटार. घरच्या टेपची मोटर पहिल्या दिवसापासून जोरात पळत होती. बँडच्या तारा कधी चढ्या नव्हत्याच. बारक्याने मागितला होता तोच रेकॉर्डवरचा खरा सूर होता.

करवत खुर्चीत बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची घाण वाटली.

संध्याकाळी ती रेकॉर्ड आणि नवा प्लेअर काखेत मारून तो खालच्या मजल्याच्या दारात उभा राहिला. बारक्याने दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

"काय काम आहे?"

"शेवटचं गाणं ऐक. मग हाकलून दे."

भावजयीने मध्ये पडून त्याला आत घेतलं. गाणं लागलं. ती ओळ आली तेव्हा बारक्याचे ओठ नुसते हलले. मग त्याने सुई उचलून मागे ठेवली आणि ती ओळ हलकेच गायली. कुठेही न अडता तो वर पोचला.

"टेप जोरात पळत होता," करवत म्हणाला. "चूक माझी होती."

"म्हणजे मला येत होतं."

"हो."

"सगळा जन्म फरशा विकल्या मी, दादा." बारक्याचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "रेकॉर्ड ठेव. प्लेअर ठेव. आणि तू नीघ."

करवत वर आला. थोड्या वेळाने खालून रेकॉर्ड ऐकू यायला लागली, आणि तिच्यावर बारक्याचा आवाज. आधी चाचपडत, मग छाती भरून. करवतला राहवेना. त्याने भराभर तारा अर्धा सूर उतरवल्या आणि हळूच साथ धरली.

खालचा आवाज तिथल्या तिथे बंद झाला. नुसती रेकॉर्ड वाजत राहिली.

त्याने गिटार कॉटवर ठेवली आणि हात मांडीखाली दाबून बसला. मग बारक्या पुन्हा गायला लागला.