पोटावरचा हात

वॉर्डातल्या जुन्या नर्स इंदुताईंची आम्ही पाठीमागे भरपूर टिंगल करायचो. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, की या बाई पेशंटच्या पोटावर हात ठेवून, घड्याळाकडे बघत पुरतं मिनिटभर श्वास मोजायच्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच. नागपूरच्या महाल भागातून सायकलवर ड्यूटीला यायच्या आणि चहा मात्र रोज गारच प्यायच्या. मी नवी नर्स होते, नुकतीच पास झालेली, त्यामुळे साहजिकच सगळ्यांपेक्षा शहाणी.

चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा. मांडीचं हाड मोडलेले चंपतराव तीन दिवस विव्हळत होते. दुपारी तीनला मी त्यांना मॉर्फिन दिलं. अर्ध्या तासात ते गाढ झोपले. त्यांची बायको मनकर्णा पदराने वारा घालत होती.

"उठवू नको वं बाई," ती म्हणाली, "तीन दिसानं झोपून राहिले."

मलाही बरं वाटलं. मी चहाला गेले.

परतले तर इंदुताईंचा हात चंपतरावांच्या पोटावर होता.

"मिनिटाला सहा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना बोलाव. पळ."

मी पळाले. डोस मीच भरला होता, सही माझीच होती. जास्त गेला असेल का? माणूस गेला तर? डॉक्टरांना घेऊन आले, तेव्हा चंपतरावांचे ओठ निळसर झाले होते. इंदुताई त्यांचे खांदे हलवत ओरडत होत्या, "चंपतराव, श्वास घ्या! घ्या श्वास!" ते एक श्वास घेत आणि थांबत. पुढचा येईल की नाही, या भीतीने मी त्यांच्या छातीकडे बघत राहिले.

डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. "नुसत्या तुझ्या डोसने एवढं होत नाही," म्हणत इंदुताई मनकर्णेकडे वळल्या. "घरून काय देल्लं वं त्याईले? सांग. तुले कोणी काही म्हणत नाही."

मनकर्णेने पदराची गाठ सोडली. आत अफूचा काळा तुकडा होता.

"गुळात देल्ली, दुपारी. आमच्याकडं दुखण्याले देतेच. सांगतलं तं हाकलून देसान म्हणून..."

डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. मग आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. सहा. आठ. बारा. आणि चंपतराव एकदम किंचाळले. दुखणं सगळंच्या सगळं परत आलं होतं.

"सुई दे ना वं बाई," ते माझा हात धरून रडायला लागले. "काहून देत नाही?"

आता लगेच काही देता येणार नव्हतं. उतारा आधी ओसरतो, अफू मागे उरते आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, असं डॉक्टर सांगून गेले होते. इंदुताईंनी माझ्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

संध्याकाळपर्यंत चंपतराव मला शिव्या देत होते. मी त्यांच्या पोटावर हात ठेवून मोजत होते, आणि शिवी थांबली की घाबरत होते.