कणगीतला जोंधळा

सोजराबाई माझी थोरली जाऊ. लई खमकी बाई. लोक म्हणत्यात, तिनं सासूला उपाशी मारलं. जळलं मेलं लोकांचं तोंड! मी तवा त्याच घरात होते, मला इचारा की.

बहात्तरचा दुष्काळ. आमची वाडी शिरूर आन् दौंडच्या मधी, सगळी कोरडवाहू. गडी माणसं गुरं घेऊन छावणीवर गेलेली. आम्ही दोघी जावा तलावाच्या कामावर खडी फोडायला. तिथं सुकडी मिळायची, ती तिथंच खायची. घरी रेशनची लाल मिलो, परदेशातनं आलेली ज्वारी. तिची भाकरी थापतानाच चिरायची, आन् आमच्या सासूच्या, भागुबाईच्या घशाखाली उतरायची न्हाई. म्हातारी दिवसेंदिवस सुकत चालली.

घरात चांगला जोंधळा नव्हता असं न्हाई. कणगीत चार पायल्या होता, राखेत घोळून, वर शेणानं लिंपून ठेवलेला. पण ते पेरणीचं बी. बियाला हात लावायचा न्हाई ही सासूचीच शिकवण, आन् तिची बाजही कणगीला लागूनच.

एका सकाळी सोजरा मला म्हणाली, "साखरे, बी गेलं तर कुणाकडनं मागून आणू. आत्याबाई कुठनं आणायच्या?"

सासू बाहेर उन्हाला बसली तवा तिनं लिंपण फोडलं, ओंजळभर जोंधळा काढला, परत लिंपलं. धुऊन, वाळवून दळला आन् मिलोच्या पिठात मिसळला. भाकरी मीच थापली. खोटं कशाला बोलू?

म्हातारीनं पहिला घास खाल्ला. तोंडावर काय समाधान आलं, बाई! दुसरा घास मात्र गालातच थांबला. तो बाहेर काढून तिनं तळहातावर धरला.

"ह्यो आपल्या रानातला हाय," ती म्हणाली. "पोरींनो, पुढल्या साली पेरणार काय?"

सोजरानं पाय धरले, रडली, चिडली. पण त्या दिवसापासनं म्हातारीनं घरातल्या कुठल्याच भाकरीवर इस्वास ठेवला न्हाई. नुसतं पाणी घ्यायची. बाराव्या दिवशी गेली.

पुढल्या साली पाऊस झाला. वाडीत बी मागायला कुणाकडं जाणार? सगळ्यांच्याच कणग्या खाली. आमचीच तेवढी भरलेली. सोजरानं आपलं रान पेरून शेजारच्या घरालाही दिलं.

खळ्यावर रास लागली. घरी नव्या जोंधळ्याची पांढरी भाकरी झाली, सगळी जेवाय बसली. सोजरानं पहिला घास तोंडात घातला आन् काढून तळहातावर धरला.

"आत्याबाईंचंच खरं झालं गं," ती म्हणाली. "म्हणून तर माझा त्यांच्यावरचा राग जात न्हाई."